नवे न्यायालय हवे, हे आकड्यांनी कसे पटवून द्यावे?

वहिवाट (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वकील संघाने आणखी एका दिवाणी न्यायालयाची मागणी करायचे ठरवले आहे. त्या मागणीचे टिपण लिहिण्याचे काम, वेळेवर नाही म्हणता न आल्यामुळे, माझ्याकडे आले आहे. पहिला मसुदा मी दोन संध्याकाळींत उरकला. त्यात तालुक्याची लोकसंख्या होती, प्रलंबित प्रकरणांची एकूण संख्या होती आणि शेवटी विलंबाविषयी एक भारदस्त वाक्य होते. संघातील एका ज्येष्ठांनी तो शांतपणे वाचला आणि एवढेच विचारले, "ही सगळी प्रकरणे संपवायला न्यायाधीशांचे किती तास लागतील?" मला उत्तर देता आले नाही.

माझा युक्तिवाद लोकसंख्येवर उभा होता. विधी आयोगाने १९८७ च्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकांमागे जेमतेम साडेदहा न्यायाधीश असल्याचे दाखवून ते प्रमाण ५० वर नेण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात तोच आकडा पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने गाठण्यास सांगितले. या मापाने आमचाच काय, देशातला कोणताही तालुका नव्या न्यायालयास पात्र ठरतो. मग वेगळा हिशेब मांडण्याची गरज काय, असे मला वाटत होते आणि थोडेसे अजूनही वाटते. ज्यांनी अशी टिपणे केली, वाचली किंवा नाकारली आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

कलमबहाद्दर

दहा लाखांमागे ५० न्यायाधीश हवेत, हे ठरून इतकी वर्षे लोटली आहेत की तो ठरावच आता प्रलंबित प्रकरणांत मोजायला हरकत नाही.

सांख्यिक

वहिवाटताई, कोणताही तालुका पात्र ठरतो, हीच त्या मापाची अडचण आहे. ज्या फुटपट्टीने सगळेच आखूड ठरतात, तिच्यावरून आधी कोणाला द्यायचे हे ठरत नाही, आणि मंजुरी देणाऱ्यांपुढे प्रश्न नेमका तोच असतो.

लोकसंख्या आणि दाखल होणारी प्रकरणे यांचे नाते सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय न्यायालय व्यवस्थापन प्रणालीच्या धोरणपत्रात याचे बोलके उदाहरण आहे : झारखंडमध्ये दर हजार लोकांमागे सुमारे ४ नवी प्रकरणे दाखल होतात, तर केरळमध्ये सुमारे २८. साक्षरता, उत्पन्न, जमिनीचे व्यवहार, हक्कांची जाणीव आणि न्यायालयापर्यंतचे अंतर या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. डोकी मोजून न्यायाधीश नेमले, तर एका ठिकाणी ते मोकळे बसतील आणि दुसरीकडे ढिगाखाली दबतील.

इम्तियाज अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हाच प्रश्न विधी आयोगाकडे सोपवला. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१४ च्या २४५ व्या अहवालात लोकसंख्येचे माप बाजूला ठेवले आणि 'निकालाच्या वेगा'ची पद्धत घेतली. म्हणजे सध्या एक न्यायाधीश वर्षाला सरासरी किती प्रकरणे निकाली काढतो ते पाहायचे, नवी आवक त्या संख्येने भागायची, आणि साचलेली प्रकरणे ठरावीक मुदतीत संपवायची असतील तर त्यासाठीचा आकडा वेगळा काढायचा. ही पद्धत आदर्श आहे असा आयोगाचाही दावा नव्हता. प्रकरणामागे किती वेळ जातो याची विश्वासार्ह माहिती देशात उपलब्ध नव्हती, म्हणून हाताशी जे होते त्यातून ती निवडली गेली. तुमच्या ज्येष्ठांनी विचारलेला प्रश्न आयोगालाही पडला होता, असे म्हणायला हरकत नाही.

निशाणी ५

मी चोवीस वर्षे तालुका आणि जिल्हा न्यायालयांत दिवाणी काम करतो आहे. सांख्यिकांच्या प्रतिसादात एक गोष्ट जोडतो. निकालाच्या वेगाची पद्धतसुद्धा शेवटी प्रकरणे मोजते, काम मोजत नाही. संमतीचा घटस्फोट हेही एक प्रकरण आणि चार पिढ्यांच्या वारसांचा वाटपाचा दावा हेही एकच प्रकरण. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी क्रमांक ७ वारल्यावर त्याचे वारस अभिलेखावर आणण्यात जेवढा काळ जातो, तेवढ्यात संमतीचे कितीतरी अर्ज मार्गी लागतात. आणि दावा म्हणजे एकच काम नव्हे. तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकालापर्यंत समोरच्याला रोखण्याचा, अर्ज असतो (नोंदीत त्याला निशाणी ५ म्हणतात, माझ्या सदस्यनावाचा उगम तोच), कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, मुद्दे काढणे, साक्षीपुरावा, युक्तिवाद, निकालपत्र, आणि हे सगळे संपल्यावर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त. दरखास्तीत हरकतदार उभा राहिला की अर्धा दावा नव्याने चालतो.

उच्च न्यायालयांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. न्यायाधीशांच्या कामाच्या मूल्यमापनासाठी प्रकारानुसार 'युनिट' ठरलेली असतात. प्रतिवाद झालेल्या दाव्याला जास्त, एकतर्फी निकालाला कमी, किरकोळ अर्जाला नाममात्र. सर्वोच्च न्यायालयाने इम्तियाज अहमद प्रकरणातच २ जानेवारी २०१७ रोजी सांगितले की, शास्त्रशुद्ध पद्धत ठरेपर्यंत जिल्हा न्यायव्यवस्थेतील न्यायाधीशांची आवश्यक संख्या अशा भारित एककांवर आधारलेल्या अंतरिम पद्धतीनेच काढावी. तेव्हा ताई, तुमच्या टिपणात लोकसंख्येचा परिच्छेद हवा तर ठेवा, पण आधार म्हणून हा आदेश दाखवा.

सांख्यिक

निशाणी ५ म्हणतात तो फरक किती मोठा पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. यातले सगळे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, कृपया कोणी ते टिपणात उतरवू नयेत.

समजा, न्यायाधीशांना वर्षात कामाचे २३० दिवस मिळतात आणि दिवसाला प्रत्यक्ष न्यायिक कामाचे ५ तास. वर्षाचे झाले १,१५० तास, म्हणजे ६९,००० मिनिटे. आता वर्षाला दाखल होणारी प्रकरणे अशी धरू : धनादेश न वटल्याची ४००, प्रत्येकी ६० मिनिटांची, वाटपाचे दावे ६०, प्रत्येकी ६०० मिनिटांचे, वाहतूक चलनासारखी किरकोळ प्रकरणे ३००, प्रत्येकी १० मिनिटांची, आणि किरकोळ दिवाणी अर्ज २००, प्रत्येकी ३० मिनिटांचे. अनुक्रमे २४,०००, ३६,०००, ३,००० आणि ६,००० मिनिटे लागतील. बेरीज ६९,०००. म्हणजे ९६० प्रकरणांना बरोबर एक न्यायाधीश पुरला.

शेजारच्या तालुक्यात किरकोळ प्रकरणे शून्य, पण वाटपाचे दावे १२०, बाकी सारे तेच, असे समजा. प्रकरणांची संख्या ७२० झाली, म्हणजे पाव हिश्श्याने घटली. मिनिटे मात्र १,०२,००० झाली आणि न्यायाधीश लागले जवळपास दीड. नुसत्या संख्येवर निर्णय झाला, तर नवे न्यायालय पहिल्या तालुक्याला मिळेल.

पक्षकार क्र. २

चर्चा उत्तम चालली आहे, पण एका पक्षकाराची शंका. माझ्या दाव्याच्या आजवरच्या तारखांपैकी बहुतेक तारखांना काहीही घडलेले नाही. कधी समोरचे वकील आले नाहीत, कधी आमचेच आले नाहीत, कधी समन्स बजावून आले नाही, कधी साक्षीदार आला पण आदल्या प्रकरणाची उलटतपासणी लांबल्यामुळे त्याला परत जावे लागले. मी मात्र प्रत्येक वेळी दिवसभराची रजा घालून गेलो. तुमच्या ६९,००० मिनिटांत या तारखा कुठे बसतात? न्यायाधीशांचा वेळ त्यात गेलाच असेल, आणि माझा तर हिशेबातच नाही.

जुना शिरस्तेदार

पक्षकारसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, असते. न्यायालयाच्या आतल्या बाजूने मी आयुष्य काढले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सकाळी बोर्ड पुकारायला सुरुवात होते. बोर्डावर शंभराच्या आसपास प्रकरणे असली, तर प्रत्येकाला दोन मिनिटे धरली तरी तीन तासांहून अधिक वेळ केवळ पुकारा, हजेरी, मुदतीचे अर्ज आणि पुढची तारीख यांत जातो. पुराव्यासाठी उरतो तो दुपारनंतरचा वेळ. त्यात दोन साक्षीदार झाले तर तो दिवस चांगला गेला असे आम्ही म्हणत असू. म्हणजे प्रलंबित प्रकरणे वाढली की बोर्ड वाढतो, बोर्ड वाढला की पुकाऱ्यातच वेळ जातो, पुराव्याला वेळ उरत नाही, म्हणून प्रलंबित प्रकरणे आणखी वाढतात. मिनिटांचा अभ्यास करणाऱ्याने निकालाची मिनिटे मोजली आणि तहकुबीची सोडली, तर हे चक्र त्याला दिसणारच नाही.

दुसरे म्हणजे मासिक विवरणपत्र. त्यात दाखल, निकाली आणि शिल्लक असे रकाने असतात, पण 'निकाली' या एका शब्दाखाली फार निरनिराळ्या गोष्टी येतात. गुणदोषांवर झालेला निकाल, तडजोड, पक्षकार गैरहजर म्हणून काढून टाकलेले प्रकरण, दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग केलेले प्रकरण, हे सगळे एकाच रकान्यात जाते. वर्ग झालेले प्रकरण एका न्यायालयाच्या शिल्लकेतून उतरते आणि दुसऱ्याच्या आवकेत चढते. जिल्ह्याची बेरीज करणाऱ्याने ते वेगळे काढले नाही, तर एकच प्रकरण दोनदा दाखल झाल्यासारखे दिसते. लोकअदालतीच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. त्यांत दाखलपूर्व प्रकरणांचाही मोठा भरणा असतो. ती प्रकरणे न्यायालयाच्या शिल्लकेत कधी नव्हतीच, तेव्हा ती मिटल्याने शिल्लक कमी होत नाही.

तिसरे, सुप्त प्रकरणे. आरोपी फरार आहे, वरच्या न्यायालयाची स्थगिती आहे, अभिलेख अपिलात गेला आहे. ही प्रकरणे मोजणीत येतात, पण कितीही न्यायाधीश वाढवले तरी ती हलत नाहीत. टिपणातील एकूण आकड्यातून ती आधी वजा करा. तुम्ही केली नाहीत तर वाचणारा करेल, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल.

दूरदेशी

मी अमेरिकेत असतो. इथल्या संघीय जिल्हा न्यायालयांत ही पद्धत कशी चालते ते सांगतो, कारण तिचे गुण आणि मर्यादा दोन्ही पाहण्यासारख्या आहेत.

इथे प्रत्येक प्रकारच्या प्रकरणाला भारांक असतो आणि सरासरी प्रकरणाचा भारांक १ धरतात. २००४ च्या भारांकांत मृत्युदंडाविरुद्धच्या बंदी प्रत्यक्षीकरणाच्या अर्जाला १२.८९, पेटंटच्या खटल्याला ४.७२, तर सरकारी येणे वसुलीच्या प्रकरणाला ०.१० असा भारांक होता. म्हणजे पहिल्या प्रकारातील एक प्रकरण शेवटच्या प्रकारातील सुमारे १२९ प्रकरणांच्या बरोबरीचे. न्यायालयाने नव्या न्यायाधीशाची मागणी केली की, तो न्यायाधीश मिळाल्यानंतरही प्रत्येकामागे वर्षाला किमान ४३० भारित प्रकरणे राहतात का, हे पाहतात. ती राहत असतील तरच मागणी पुढे सरकते. पण हा आकडा म्हणजे केवळ दार उघडणारी किल्ली आहे. त्यानंतर ज्येष्ठ (निवृत्तीस पात्र होऊनही काम करत राहिलेले) न्यायाधीश किती मदत करतात, दंडाधिकाऱ्यांकडे कोणते काम सोपवता येईल, वाढ तात्पुरती आहे का, हे तपासले जाते. हा आढावा दर दोन वर्षांनी होतो.

भारांक काढण्याच्या पद्धतीही बदलत गेल्या. १९९३ चे भारांक न्यायाधीशांना कामाच्या वेळेची रोजनिशी ठेवायला लावून काढले होते. ते काम इतके किचकट आणि लांबणारे ठरले की २००४ मध्ये दुसरी वाट धरली गेली. कोणत्या प्रकारच्या प्रकरणात कोणत्या घटना किती वेळा घडतात हे नोंदींतून घेतले, न्यायकक्षातील वेळ अहवालांतून घेतला आणि दालनातील कामाचा अंदाज अनुभवी न्यायाधीशांनी एकत्र बसून सहमतीने ठरवला. मेहनत वाचली, पण अशा अंदाजांतील चूक किती हे सांख्यिकीय रीतीने सांगता येत नाही, अशी टीका इथल्या सरकारी उत्तरदायित्व कार्यालयाने केली. २०१६ मध्ये भारांक पुन्हा बदलले.

तिठा

मला या सगळ्या भारांकप्रेमाबद्दल शंका आहे. आज प्रकरणाला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागायला हवा, असे तुम्ही गृहीत धरता. तारखा पडतात म्हणून वेळ लागतो, वेळ लागतो म्हणून भारांक वाढतो, भारांक वाढला म्हणून न्यायाधीश वाढतात आणि तारखा मात्र तशाच राहतात. अव्यवस्थेला गणिताचा पोशाख चढवला, इतकेच. शिवाय जे मोजले जाते तिकडे माणसाचे लक्ष वळते. युनिटांवर मूल्यमापन होणार असेल, तर वीस वर्षे जुन्या दाव्यात हात घालण्यापेक्षा कमी कष्टाची आणि बऱ्या युनिटांची प्रकरणे आधी उरकण्याचा मोह कोणालाही होईल. यात न्यायाधीशांना दोष देत नाही. परीक्षेत जे विचारतात तेच विद्यार्थी वाचतो.

आणि एक विचारतो. मंजूर जागाच भरलेल्या नाहीत, तर नव्या कशाला मागायच्या? देशभरात जिल्हा न्यायव्यवस्थेत २५ हजारांहून अधिक मंजूर पदे आहेत आणि त्यांतील सुमारे ५ हजार रिकामी आहेत. भरतीचे वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयाने मलिक मजहर सुलतान प्रकरणात २००७ मध्येच आखून दिले आहे. रिकाम्या खुर्चीशेजारी आणखी एक रिकामी खुर्ची मांडून काय साधणार?

कलमबहाद्दर

निदान पक्षकाराला बसायला जागा होईल.

सांख्यिक

तिठा यांचा पहिला आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच चांगल्या अभ्यासात दोन आकडे वेगळे ठेवतात : आज किती वेळ लागतो, आणि काम नीट चालले तर किती लागायला हवा. दिल्लीचे उदाहरण घ्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत 'शून्य प्रलंबितता न्यायालये' असा प्रयोग केला. काही न्यायालयांना जुनी शिल्लक न देता फक्त नवी प्रकरणे दिली आणि त्यांची तुलना नेहमीच्या शिल्लकेसह चालणाऱ्या न्यायालयांशी केली. जुन्या ओझ्याविना प्रकरण किती वेळात पुढे सरकते, कोणत्या टप्प्यावर किती मिनिटे जातात, हे त्यामुळे मोजता आले. सगळी शिल्लक एका वर्षात संपवायची तर १४३ न्यायाधीशांचे १८६ व्हायला हवेत, असा निष्कर्ष २०१९ च्या अहवालात होता. ४३ जास्त. त्याच अहवालात साक्षीदारांची गैरहजेरी आणि वकिलांनी मागितलेल्या मुदती ही विलंबाची मोठी कारणे म्हणून नोंदली आहेत. म्हणजे न्यायाधीशही कमी आहेत आणि वेळही वाया जातो. एक खरे असले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

रिकाम्या जागांचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटत नाही. जर्मनीत प्रकरणाच्या प्रत्येक प्रकारासाठी मिनिटांत आधारसंख्या ठरवून मनुष्यबळाची गरज काढतात. गरज किती, हा एक प्रश्न आणि जागा भरल्या का, हा दुसरा. भरती रखडली म्हणून गरज मोजायचीच नाही, तर उद्या भरती झाल्यावर कोणत्या तालुक्यात किती न्यायाधीश पाठवायचे, हे कशावरून ठरवणार?

निशाणी ५

तिठा यांनी न उचललेला एक आक्षेप मीच उचलतो, कारण मंजुरीच्या बैठकीत तो हमखास येतो : नवे न्यायालय उघडले की नवे दावे वाढतात. हे खरे आहे, पण त्यात वाईट काय? ज्याला दिवसभराचा प्रवास करून वकिलाला भेटावे लागत होते, त्याने दावा केलाच नव्हता. त्याची तक्रार कोणत्याही विवरणपत्रात नव्हती. कामाच्या ओझ्याचा अभ्यास जे दाखल झाले तेवढेच मोजतो, जे दाराशी पोहोचलेच नाही ते मोजत नाही. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात कुटुंब न्यायालय स्थापणे १९८४ च्या कायद्याने राज्यांवर बंधनकारक केले, ते लोकसंख्येवरूनच. ग्राम न्यायालयांचा २००८ चा कायदाही पंचायत समितीच्या पातळीवर न्यायालय नेण्याच्या विचारातून आला, प्रलंबित प्रकरणांच्या हिशेबातून नव्हे. म्हणून लोकसंख्येच्या मापाला मी अगदीच टाकाऊ म्हणणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. त्यासाठी कित्येक दशके जी मागणी झाली तिच्यात प्रकरणांचे आकडे होते, पण लोकांच्या मनात होते ते सहा जिल्ह्यांतून मुंबईला जाण्याचे अंतर. उच्च न्यायालयाचे काम मूळ स्थानाबाहेर चालवण्याचा प्रश्न औरंगाबादच्या बाबतीत १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली तो अधिकार मान्य झाला होता. त्याच कलमाचा आधार कोल्हापूरला मिळाला.

तिठा

खंडपीठ आणि तालुक्याचे दिवाणी न्यायालय यांची तुलना मला ओढूनताणून वाटते. मात्र न दाखल झालेल्या दाव्यांचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घेतला नव्हता.

अर्धविराम

धागा शांतपणे वाचत होतो. लेखा क्षेत्रातला असल्यामुळे एका गल्लतीकडे लक्ष वेधतो. शिल्लक आणि प्रवाह हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वरच्या निम्म्या प्रतिसादांत ते एकमेकांत मिसळले आहेत.

युरोप परिषदेचा न्यायविषयक आयोग दोन साधी मापे वापरतो. एक, निकासदर : वर्षात निकाली निघालेली प्रकरणे भागिले त्या वर्षी दाखल झालेली, गुणिले १००. दुसरे, निकालास लागणारा अंदाजे काळ : वर्षअखेरची शिल्लक भागिले वर्षात निकाली निघालेली, गुणिले ३६५. काल्पनिक उदाहरण घ्या. दाखल १,२००, निकाली १,०८० आणि शिल्लक ३,६०० असेल, तर निकासदर ९० टक्के आणि काळ सुमारे १,२१७ दिवस येतो. या न्यायालयाला दोन दुखणी आहेत. दरवर्षी १२० प्रकरणे मागे पडतात, त्यासाठी कायमची क्षमता वाढायला हवी. आणि ३,६०० ची जुनी शिल्लक आहे, तिच्यासाठी काही वर्षांपुरते जादा बळ पुरे. शिल्लक दाखवून कायमचे न्यायालय मागितले, तर शिल्लक संपल्यावर ते न्यायालय काय करणार असे वित्त विभाग विचारणारच. उलट निकासदर १०० असलेल्या न्यायालयातही वर्षानुवर्षांचा ढीग निवांत पडून राहू शकतो, कारण तो वाढत नाही आणि घटतही नाही.

तात्पुरत्या बळाचे धोकेही आहेत. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २००० मध्ये १,७३४ जलदगती न्यायालयांची योजना पाच वर्षांसाठी ५०२.९० कोटी रुपयांच्या तरतुदीसह आली, मुदतवाढ मिळत राहिली आणि ३१ मार्च २०११ नंतर केंद्राचा निधी थांबला. मग ही न्यायालये चालू ठेवायची की नाही, हा निर्णय एकेका राज्यावर आला. तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या न्यायाधीशांच्या सेवेचे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एकसारख्या आणि संख्येने प्रचंड असलेल्या प्रकरणांसाठी वेगळी व्यवस्था करणे कदाचित सोपे असावे. धनादेशाच्या प्रकरणांसाठी निवृत्त न्यायाधीशांकडून विशेष न्यायालये चालवण्याचा प्रयोग सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत करायला लावला. वाहतूक आणि पोलीस चलनांसाठी सकाळ-संध्याकाळची वेगळी न्यायालये असावीत, हे तर २४५ व्या अहवालातच आहे.

जुना शिरस्तेदार

अर्धविराम यांनी फार मुद्द्याचे सांगितले. त्याला जोडून आणखी एक : अधिकारक्षेत्र बदलले की जुने आकडे फसवे होतात. मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाची आर्थिक मर्यादा २०२४ मध्ये १ कोटीवरून १० कोटी रुपये झाली, तेव्हा दावे उच्च न्यायालयाकडून तिकडे वळले. आधीच्या पाच वर्षांची सरासरी काढून त्या न्यायालयाची पुढची गरज कोणी मांडली, तर ती साफ चुकेल.

दूरदेशी

आणि हिशेब कितीही अचूक असला, तरी शेवटचा शब्द हिशेबाचा नसतो. इथे मोठ्या प्रमाणावर न्यायाधीशपदे वाढवणारा शेवटचा सर्वसमावेशक कायदा १९९० चा आहे. २०२४ मध्ये न्यायव्यवस्थेच्या आढाव्यावर आधारलेले ६६ नव्या पदांचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि २३ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ते नाकारले. पदे हवीत याबद्दल फारसा वाद नव्हता. नेमणुका कोणत्या राष्ट्राध्यक्षाच्या हातून होणार, हा वाद होता.

वहिवाट

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरी गप्प होते, कारण तुमचे वाचून मी पुन्हा कागद घेऊन बसले. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या न्यायालयीन आकडेवारीच्या संकेतस्थळावरून आमच्या न्यायालयाची प्रकरणे प्रकार, टप्पा आणि वय यांनुसार घेतली. ही सोय सर्वांना खुली आहे आणि मी आजवर फक्त स्वतःच्या प्रकरणांची तारीख शोधण्यात गुंतले होते, याची थोडी लाज वाटली. शिरस्तेदारसाहेबांच्या सूचनेप्रमाणे सुप्त प्रकरणे बाजूला काढली. मग तीन आठवडे संघातील दोन कनिष्ठ वकिलांना मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसवले. पुकाऱ्यात किती वेळ, पुराव्यात किती आणि तहकुबीत किती, एवढेच त्यांनी टिपले. तीन आठवडे फार थोडे आहेत, हे मला कळते, आणि निकालपत्र लिहिण्याचा दालनातला वेळ बाकावरून दिसत नाही, हेही.

जे समोर आले ते माझ्या पहिल्या मसुद्याशी जुळणारे नाही. आमच्याकडे कनिष्ठ स्तराच्या (पाच लाखांपर्यंतचे दावे चालवणाऱ्या) न्यायालयाची नवी आवक आणि निकाल जवळपास बरोबरीचे आहेत. ढीग आहे, पण तो जुना आहे. खरी ओढाताण वेगळीकडे आहे. पाच लाखांवरचे दावे आणि भूसंपादनाचे संदर्भ (मोबदल्याच्या वादाची प्रकरणे) यांसाठी आमच्या पक्षकारांना जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, आणि तिथल्या वरिष्ठ स्तराच्या न्यायालयांच्या आकड्यांत आमचा तालुका वेगळा दिसतच नाही. दुसरे, घड्याळाच्या नोंदीत बराच वेळ असा सापडला की साक्षीदार हजर, वकील हजर, पण लघुलेखक दुसऱ्या न्यायालयात गेलेले. तेव्हा आता मसुद्यात मी दोन मागण्या वेगळ्या करते आहे : वरिष्ठ स्तराच्या न्यायालयाची कायमची मागणी, आमच्या तालुक्यातून उद्भवणारे दावे जिल्ह्याच्या आकड्यांतून सुटे करून, आणि जुन्या शिलकेसाठी ठरावीक मुदतीचे अतिरिक्त न्यायालय. लघुलेखकाचे पद तिसऱ्या परिच्छेदात घातले आहे.

संघातील काहींना हे आवडलेले नाही. कनिष्ठ स्तराचे न्यायालय मागितले असते तर ते लवकर मिळाले असते, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि कदाचित ते बरोबरही असतील.

निशाणी ५

ताई, दावे सुटे करताना मिळकत कोणत्या गावी आहे त्यावरून करा, पक्षकाराच्या पत्त्यावरून नको. स्थावराचा दावा मिळकतीच्या ठिकाणी चालतो, आणि निम्मे वारस तर पुण्या-मुंबईला राहतात.

जुना शिरस्तेदार

लघुलेखकाचे पद तिसऱ्या परिच्छेदातून पहिल्यात आणा. न्यायालय म्हणजे एकटे न्यायाधीश नव्हेत. सहायक अधीक्षक, लघुलेखक, लिपिक, बेलिफ, शिपाई ही पदे मागणीत सुरुवातीपासून न लिहिल्यास न्यायालय मंजूर होते आणि कर्मचारी शेजारच्या न्यायालयातून उसने आणावे लागतात, म्हणजे एकाचे दुखणे दोघांना होते. फौजदारी कामही येणार असेल तर सरकारी अभियोक्त्याचे पद कोणाच्याच लक्षात राहत नाही, तेही पाहा. जागेचा दाखला जोडा. प्रस्ताव प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत उच्च न्यायालयाकडे आणि तिथून विधी व न्याय विभागाकडे जातो. या वाटेवर इमारत कुठे आहे, हा प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला जातो. भाड्याची का होईना, जागा दाखवता आली तर फाईल परत येण्याचे एक कारण कमी होते. आणि तीन आठवड्यांची नोंद 'अभ्यास' म्हणून देऊ नका. 'निरीक्षण' म्हणा, आणि कोणत्या तारखांना केले ते लिहा. त्यांत सुट्टीला लागून आलेले दिवस असतील तर तेही लिहा.

तिठा

दोन मागण्या वेगळ्या केल्या हे उत्तम झाले. मुदतीच्या न्यायालयाला मात्र संपण्याची तारीख आताच लिहा, नाहीतर २०११ ची गोष्ट तुमच्या तालुक्यात पुन्हा घडेल.

पक्षकार क्र. २

वहिवाटताई, टिपण दाखल झाले की आवक क्रमांक इथे जरूर लिहा. पुढची तारीख काय पडली, हे विचारण्याचा मला भरपूर सराव आहे.